गरोदरपणातलं वजन: काटा, कळणा आणि केळी

पहिल्या तपासणीला माझ्या माता-बाल कार्डावर उंची 155 सेंमी आणि वजन 43 किलो लिहिलं गेलं. पुढचं सगळं गणित या दोन आकड्यांवर चाललं. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं: 43 भागिले 2.4, म्हणजे 17.9. उत्तर 18.5 च्या खाली आलं तर नऊ महिन्यांत साडेबारा ते अठरा किलो वाढ लागते. 18.5 ते 24.9 असेल तर 11.5 ते 16, तीसच्या आत 7 ते 11.5, त्यापुढे 5 ते 9. (जुळं असेल तर हिशोब वेगळा.) जावेचे किती वाढले होते, ते आपल्या कामाचं नाही.

पहिल्या तीन महिन्यांत अर्धा ते दोन किलो वाढलं तरी पुरे. माझं उलट्यांनी उलट थोडं उतरलं, आणि तेवढं चालतं. पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, तर मात्र घरी थांबायचं नाही. खरी वाढ चौथ्या महिन्यापासून. माझ्यासारखीला आठवड्याला अर्धा किलो, मध्यम बांध्याच्या बाईला 400 ग्रॅमच्या आसपास.

काटा एकच धरा. उपकेंद्रातला आणि खासगी दवाखान्यातला काटा सहसा जुळत नाही, आणि उगीच जीव टांगणीला लागतो. आठवड्यातून एकदा, सकाळी लघवी करून, न्याहारीआधी, त्याच गाउनवर, चपला काढून. घरचा काटा शहाबादी फरशीच्या सांध्यावर ठेवला की डुगडुगतो आणि दर वेळी नवाच आकडा दाखवतो, सतरंजीवरही तेच. सपाट फरशीवर ठेवून आधी शून्य बघायचं.

दोन जिवांची म्हणून दुप्पट जेवायचं नसतं. रोज साधारण 350 कॅलरी जास्त लागतात: 200 मिली दूध, एक केळं आणि छोटी मूठ शेंगदाणे, झालं! आमच्या जळगावकडच्या रावेर-यावलच्या पट्ट्यात केळ्यांना काय तोटा, पण केळ्यात प्रोटीन नावालाच. ते चौथ्या महिन्यापासून रोज साडेनऊ ग्रॅम आणि शेवटच्या तीन महिन्यांत 22 ग्रॅम जास्त लागतं. इथे आपली कळण्याची भाकरी कामाला येते. मी चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालीचे उडीद घालून दळून आणायचे. ज्वारीत लायसिन (प्रोटीनचा एक घटक) कमी पडतं, ते उडीद भरून काढतो. सोबत घट्ट वरण किंवा अंडं हवंच, नुसत्या ठेच्यावर भागत नाही. सातव्या महिन्यानंतर पोट दबतं, दोन घास जास्त जात नाहीत. मग भाकरीवर चमचाभर तेल-तूप घ्यायचं, तेवढ्यात 40-45 कॅलरी मिळतात. शेवभाजी दुपारीच बरी. रात्री तो तर्रीचा रस्सा घेतला की छातीत जळजळ, झोप नाही आणि सकाळची न्याहारी बुडाली. मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 वर जातो, भूक मरते. तेव्हा सकाळी ऊन चढायच्या आत आणि दिवेलागणीनंतर पोटभर खायचं, दुपार ताकावर काढायची.

लोहाची गोळी चहासोबत नको, लिंबूपाण्यासोबत घ्या. कॅल्शियमची तिच्यापासून दोन तास लांब.

'जास्त खाल्लं तर बाळ मोठं होऊन अडेल' ही सासूबाईंची भीती बहुतेक घरांत असते. कमी वजनाच्या बाईने हात आखडला तर बाळ अडीच किलोच्या आत जन्मायचा धोका वाढतो. वाढलेल्या वजनात बाळ तीनेक किलोचंच असतं. बाकी वार, गर्भजल, गर्भाशय, वाढलेलं रक्त आणि दुधासाठी साठवलेली चरबी.

आठवड्यात एकदम किलोभर किंवा जास्त वाढलं, बांगड्या रुतायला लागल्या, चेहरा सुजला, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येते, तर ते खाण्याचं वजन नव्हे. त्याच दिवशी रक्तदाब आणि लघवी तपासा. 140/90 किंवा वर असेल तर डॉक्टरांसमोरच बसा. सूज नसतानाही वजन भराभर चढत असेल तर 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर बघतात. 140 किंवा जास्त म्हणजे गरोदरपणातला मधुमेह. मग सगळ्यात आधी गूळ-साखर थांबते, भाकरी नाही.

शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत काटा जागीच राहतो, कधी थोडा उतरतो. त्याची काळजी नको. बाळाची हालचाल मंदावली तर मात्र काटा बघत बसू नका, तडक दवाखान्यात जा.