लेझर सेफ्टीचं ट्रेनिंग

आज डिपार्टमेंटमध्ये लेझर सेफ्टीचं ट्रेनिंग झालं. नव्या पीएचडीवाल्यांना सक्तीचं, त्यामुळे अर्धी मंडळी चहा-समोशावर डोळा ठेवूनच आली होती.

पण सर भारी निघाले. स्लाइड्स पटापट उरकल्या आणि थेट ऑप्टिकल टेबलापाशी नेलं. आधी घड्याळं, अंगठ्या, बांगड्या ट्रेमध्ये. चकचकीत धातूवरून किरण कुठे उडेल याचा नेम नाही. आमचा एनडी-याग लेझर १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे डोळ्याला दिसतच नाही. दिसत नाही म्हणून पापणीही मिटत नाही, आणि डोळ्याचं भिंग मात्र तो इमानेइतबारे आतल्या पडद्यावर (रेटिनावर) एका ठिपक्यात गोळा करतं. पडद्याला वेदना कळत नाहीत. नजरेत काळा डाग आला की मगच समजायचं! क्लास ४ हा लेझरचा सगळ्यात धोकादायक वर्ग, म्हणजे ५०० मिलिवॅटच्या वर. तिथे भिंतीवरून विखुरलेला प्रकाशसुद्धा घातक ठरू शकतो.

मग लेझरपासून वाचवणाऱ्या चष्म्यांच्या दांड्यांवरचं बारीक अक्षर वाचायला लावलं. १०६४ ला ओडी (ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे काच किती प्रकाश अडवते त्याचं माप) ६ म्हणजे दहा लाखांतला एकच भाग आत. पण फक्त १०६४ साठीचा चष्मा ५३२ चा हिरवा किरण खुशाल आत सोडू शकतो. (आणि सगळे चष्मे एकाच खुंटीला टांगलेले असतात, हे वेगळंच.)

खाली पडलेला स्क्रू उचलायचा तर आधी शटर बंद. वाकताना डोळे नेमके किरणाच्या उंचीवर येतात.

शेवटची लेखी परीक्षा अगदीच नावापुरती होती. त्यापेक्षा खुंटीवरून बरोबर चष्मा काढून दाखवायला लावला असता तर बरं झालं असतं.