लॅप स्टीलची भुणभुण : नोंद ३

माझी लॅप स्टील, म्हणजे मांडीवर आडवी ठेवून धातूच्या बारने वाजवायची इलेक्ट्रिक गिटार, अँपला (ॲम्प्लिफायरला) जोडली की भुणभुणते. मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की तांब्याची टेप लावली की काम फत्ते. लावली. पोकळीत, झाकणाच्या आतून, सगळीकडे. भुणभुण वाढली! टेप ग्राउंडला जोडायचीच राहिली होती. म्हणजे पिकअपभोवती (तारांची थरथर विजेत बदलणाऱ्या कॉइलीभोवती) मी स्वतःच्या हाताने अँटेना गुंडाळली. हसून घ्या.

आपली वीज ५० हर्ट्झची. खालचा जी हा सूर सुमारे ४९ हर्ट्झचा. माझी स्टील सी-सिक्सथमध्ये (सी, ई, जी, ए या सुरांत) लावलेली, त्यात जी आहेच. त्यामुळे ही भुणभुण म्हणजे फुकटचा तंबोरा, आणि तोही किंचित चढा. अभंगाची एक ओळ वाजवली तरी कान किटतात.

टेपला वायर जोडून व्हॉल्यूम पॉटच्या (आवाज कमी-जास्त करायच्या बटणाच्या) पाठीवर सोल्डर केली, बराच फरक पडला. पण तारांना हात लावला तरी आवाजात काहीच बदल नाही, हे खटकलं. मीटर बीपवर (जोडणी असली की वाजतो) ठेवून एक टोक तारेला, दुसरं जॅकच्या बाहेरच्या कडीला लावलं. मीटर गप्प. ब्रिज (तारा टेकतात ती पट्टी) उचलला तर खालची ग्राउंडची वायर हिरवी पडून तुटलेली. दोन पावसाळे गिटारची पेटी भिंतीला टेकून होती, त्याचा प्रसाद. टोक खरवडून नवी वायर दाबून बसवली. मीटर बोलला.

आणि मग बार तारांवर ठेवताच बोटांना झिणझिण्या आल्या. इथे मी थांबलो, तुम्हीही थांबा. तारा आता अँपच्या पत्र्याला जोडलेल्या, आणि पत्रा ज्याच्या भरवशावर तेच अर्थिंग लटकं असेल, तर स्टीलवाल्याच्या दोन्ही हातांत धोका असतो. तीन पिनांपैकी मोठी पिन काढून "हम (भुणभुण) घालवणारे" सल्ले देतात, त्यांना कोपरापासून नमस्कार.

सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यामध्ये ४६ व्होल्ट दिसले. वायरमनला बोलावलं. डिचोलीतला आमचा जांभा मे महिन्यात ठणठणीत कोरडा, आणि खड्ड्यातल्या पाइपचा नटबोल्ट गंजून भुगा झालेला. त्याने बोल्ट बदलला, मीठ-कोळसा भरला आणि दोन कळशा पाणी ओतलं. आई म्हणाली, "माडाला घालतोस का एवढ्या निगुतीने पाणी?" आता मीटरवर २ व्होल्ट. झिणझिण्या गेल्या.

उरलं ते दोन प्रकारचं. एक जाड घूं: गिटार फिरवली की कमी-जास्त होते, म्हणजे अँपच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र. त्याला तांबं दाद देत नाही. सिंगल कॉइल पिकअप ते पकडणारच. दोन उलट्या कॉइलींचा हमबकर गिब्सनमध्ये सेथ लव्हरने १९५५ साली केला तो याचसाठी. मी फक्त लांब, तिरका बसतो.

दुसरं करकरीत र्र्र. ते पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचं, कारण पंखा बंद केला की तेही बंद. मे महिन्यात, गोव्यात! जुना डबा-रेग्युलेटर माळ्यावर आहे, रविवारी काढतो. तोवर रेकॉर्डिंग चार मिनिटांच्या आत, टॉवेल खांद्यावर घेऊन.