आवडता विषय आणि आवडतं काम

परवा भाचीने विचारलं, "मावशी, मला जीवशास्त्र आवडतं. मग मायक्रोबायोलॉजीच घेऊ ना?" माझ्या तोंडून पटकन हो निघेना. याच वाटेने मी प्रयोगशाळेत पोचले होते.

विषय मला आजही तितकाच आवडतो. पण रोजचं काम होतं पेट्री डिशमधल्या, म्हणजे चपट्या बशीत वाढलेल्या, जिवाणूंच्या वसाहती मोजण्याचं. एकेका ठिपक्यावर पेनाने खूण करायची, आकडा वहीत लिहायचा, पुढची डिश घ्यायची. दिवसभर कुणाशी बोलणं नाही. चार वर्षं वाटत राहिलं की मीच कुठेतरी कमी पडतेय. मग एकदा नव्या मुलीला पिपेट, म्हणजे द्रव अचूक मोजून उचलायचं साधन, वापरायला शिकवायची वेळ आली. बटण आधी पहिल्या टप्प्यापर्यंत दाबायचं, मग टोक द्रवात बुडवायचं आणि अंगठा सावकाश सोडायचा. झटकन सोडला की हवा आत शिरते आणि माप चुकतं. तिचा हात बसला तेव्हा दोन तास उलटून गेले होते, मला पत्ताही नव्हता. आता मी पूर्णवेळ हेच शिकवते.

व्यवसाय-निवडीचा अभ्यास करणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्येच माणसांच्या आणि कामांच्या वातावरणाच्या सहा प्रकारांची जोडी लावून दाखवली होती. शोध घेण्यात रमणारे वेगळे, माणसांना शिकवण्या-सांभाळण्यात रमणारे वेगळे. विषय आवडतो म्हणून मी स्वतःला पहिल्यांत धरून बसले होते.

भाचीसाठी मात्र मला इस्रायली मानसशास्त्रज्ञ इतामार गाती यांची व्यवसाय निवडण्याची रीत जास्त उपयोगी वाटली. कामाचा एकेक पैलू घ्यायचा: शिक्षणाची वर्षं, कामाच्या वेळा, प्रवास, माणसांशी संबंध. सगळ्यात महत्त्वाचा पैलू आधी. प्रत्येकापुढे 'हवं ते' लिहायचं आणि शेजारी 'इथपर्यंत चालेल' हेही. जे काम त्यात बसत नाही ते बाजूला. हा दुसरा रकाना लोक भरतच नाहीत, आणि तिथेच चांगले पर्याय हातचे जातात असं माझं ठाम मत आहे.

आम्ही कागद घेऊन बसलो. रात्रपाळीपुढे तिने ठसठशीत 'नको' लिहिलं आणि यादीतून नर्सिंग गेलं. बाकी सगळ्या रकान्यांत ते बसत होतं. ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिली. मग पेन उचलून शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, 'महिन्यातून चार-पाच चालतील', आणि खोडलेलं नाव पुन्हा वर लिहून घेतलं.