फेनवे आणि रिग्ली: शंभरी ओलांडलेल्या दोन बेसबॉल मैदानांची वारी

बेसबॉलच्या मैदानाबद्दल एक गोष्ट आधी डोक्यात पक्की हवी, नाहीतर बॉस्टन-शिकागोला जाऊनही हाती नुसते फोटोच लागतील. आतला चौकोन नियमानं बांधलेला असतो. एका बेसपासून (धाव घेतानाच्या टप्प्यापासून) दुसऱ्या बेसपर्यंत ९० फूट, पिचरच्या (चेंडू फेकणाऱ्याच्या) जागेपासून होम प्लेटपर्यंत (फलंदाजाच्या जागेपर्यंत) ६० फूट ६ इंच. यात सूतभरही फरक चालत नाही. पण पलीकडचं कुंपण किती लांब नि किती उंच, हे प्रत्येक मैदानाचं वेगळं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही मैदानं भर वस्तीत, चारी बाजूंनी रस्ते असलेल्या तुकड्यांवर उभी राहिली. जिथे रस्ता आडवा आला, तिथे भिंत उभी केली. मेजर लीगच्या (अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेच्या) वापरात असलेली त्या पिढीतली मैदानं आता दोनच उरली आहेत: बॉस्टनचं फेनवे पार्क (१९१२) आणि शिकागोचं रिग्ली फील्ड (१९१४). वयानं तिसरं येतं ते थेट १९६२ चं, लॉस एंजेलिसचं डॉजर स्टेडियम.

मोसम मार्चअखेर सुरू होतो आणि साखळी सामने सप्टेंबरअखेरपर्यंत चालतात. प्रत्येक संघाचे घरचे सामने ८१, म्हणजे निम्मा मोसम संघ गावाबाहेर. विमानाची तिकिटं काढण्याआधी बॉस्टनचा रेड सॉक्स आणि शिकागोचा कब्ज या दोन्ही संघांचं वेळापत्रक समोर ठेवा आणि दोघेही आपापल्या घरी आहेत असा आठवडा शोधा. शक्यतो प्रत्येक शहरात दोन सामन्यांचे दिवस हाताशी ठेवा. पावसानं सामना पुढे ढकलला तर तेच तिकीट नव्या तारखेला चालतं, पण ती तारीख तुमच्या परतीच्या विमानानंतरची असली तर पैसे पाण्यात. नऊपैकी पाच डाव पूर्ण झाले, किंवा यजमान संघ आघाडीवर असताना साडेचार झाले, की सामना अधिकृत धरला जातो. त्यानंतर पाऊस आला तर बदली तिकीट मिळत नाही.

तिकीट फोनवरच येतं, एमएलबी बॉलपार्क या अ‍ॅपमध्ये. हॉटेलच्या वायफायवर असतानाच ते फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून ठेवा. दारापाशी हजारो फोन एकाच वेळी चालू असतात, पान उघडता उघडत नाही आणि मागची रांग खोळंबते. बॅकपॅक नेऊ नका. पिशवीच्या मापाचे नियम दोन्हीकडे वेगळे आहेत आणि ते बदलतात, म्हणून आदल्या दिवशी क्लबच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. आत कार्डच चालतं. २०२३ पासून पिचरवर घड्याळ लावल्यामुळे सामना सरासरी पावणेतीन तासांच्या आत संपतो. पूर्वीसारखं 'तासभर उशिरा गेलो तरी चालेल' असं आता राहिलेलं नाही.

फेनवेला जायचं तर ग्रीन लाइनच्या बी, सी किंवा डी गाडीनं केनमोरला उतरायचं. ई गाडी केनमोरच्या आधीच वेगळ्या मार्गाला लागते, आणि नवखे नेमके तिथेच फसतात. डी मार्गावर 'फेनवे' नावाचंही स्टेशन आहे. तिथूनही चालत जाता येतं, पण गर्दीबरोबर मैदानाकडे जाण्याची मजा केनमोरच्या वाटेवर. अ‍ॅशलंड, वेस्टबरो या बाजूला कुणाकडे उतरला असाल, तर वूस्टर मार्गाची लोकल मैदानाजवळच्या लॅन्सडाउन स्टेशनवर सोडते. गाडी घेऊन जाऊ नका. पार्किंगचे दर जेवणाच्या बिलाला लाजवतील असे असतात. एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी, पेट्रियट्स डेला, सामना सकाळी अकराच्या सुमाराला सुरू होतो आणि बॉस्टन मॅरेथॉन केनमोर चौकातूनच जाते. दिवस अप्रतिम, पण रस्ते बंद असतात. त्या दिवशी दोन तास आधी निघा.

दारं साधारण दीड तास आधी उघडतात, त्या सुमाराला आत शिरा. जर्सी स्ट्रीटवरून आत गेलं की खालचा वऱ्हांडा अंधारा, बुटका, विटांचा आहे आणि त्यात सॉसेज, कांदा नि सांडलेल्या बियरचा वास कोंडलेला असतो. तिथून एक छोटा चढ चढला की एकदम सगळं हिरवं. हा चढ घाईत चढू नका.

डावीकडे दिसते ती भिंत, ग्रीन मॉन्स्टर. उंची ३७ फूट २ इंच. होम प्लेटपासून डाव्या फाउल पोलपर्यंतचं (वैध फटक्याची हद्द दाखवणाऱ्या खांबापर्यंतचं) अंतर फक्त ३१० फूट लिहिलेलं आहे, कारण भिंतीच्या पाठीला लॅन्सडाउन रस्ता चिकटलेला आणि त्यापलीकडे रेल्वे. मागे सरकायला जागाच नव्हती. सुरुवातीला भिंतीसमोर दहा फुटांचा मातीचा चढ होता. डावीकडचा क्षेत्ररक्षक डफी लुइस त्यावर पळत चढून झेल घ्यायचा, म्हणून त्याला डफीज क्लिफ म्हणत. १९३४ च्या नूतनीकरणात चढ सपाट झाला. भिंतीवर तेव्हा जाहिराती होत्या, हिरवा रंग १९४७ चा.

ही भिंत खेळ कसा फिरवते ते नीट बघा. दुसऱ्या मैदानावर सहज झेल होईल असा उंच, लोंबता फटका इथे भिंतीला लागतो किंवा वरून पार जातो. उलट सरळ, कमी उंचीचा, इतरत्र होम रन (थेट कुंपणापार जाणारा फटका) ठरला असता असा जोरकस फटका इथे भिंतीवर आदळून परत येतो आणि फलंदाजाला कधीकधी एकाच बेसवर थांबावं लागतं. क्षेत्ररक्षक चेंडूच्या मागे धावत नाही. भिंतीपासून अंतर राखून उभा राहतो आणि चेंडू कोणत्या कोनात परत येईल याचा हिशेब करतो. भिंतीला एक लोखंडी शिडी आहे. पूर्वी वरच्या जाळीत अडकलेले चेंडू काढायला माणूस तीवर चढायचा. आता जाळी गेली, २००३ मध्ये तिथे खुर्च्या आल्या, पण शिडी तशीच आहे आणि चेंडू तिला लागला तरी खेळ चालूच राहतो. तळाशी हातानं चालवायचा धावफलक. त्यावरच्या पांढऱ्या उभ्या रेषांवर मोर्स लिपीतले टिंब आणि डॅश दिसतील. ती जुन्या काळचे मालक टॉम यॉकी आणि त्यांच्या पत्नी जीन यांची आद्याक्षरं. दुर्बीण असेल तर न्या, डोळ्यांना सहज सापडत नाहीत.

आता खुर्चीचं. भिंत बघायची तर भिंतीवर बसू नका, पहिल्या बेसच्या बाजूला बसा. तिथून भिंत, धावफलक आणि परतणारा चेंडू सगळं समोर येतं. ग्रँडस्टँडमध्ये निळ्या लाकडी खुर्च्या आहेत, अरुंद, गुडघे टेकणाऱ्या, आणि छपराचे खांब मध्ये येतात. क्लबच्या विक्रीत 'दृश्य अडलेलं' अशी नोंद असते, पुनर्विक्रीच्या तिकिटावर ती गळालेली असू शकते. खांब नको असेल तर पुढचे लोज बॉक्स घ्या. पावसाची शक्यता असेल तर मात्र छपराखालच्या मागच्या रांगाच बऱ्या. उजव्या मैदानाकडच्या ग्रँडस्टँडच्या पहिल्या काही विभागांमध्ये खुर्च्यांचं तोंड होम प्लेटकडे नाही. सामनाभर मान डावीकडे वळवून बसावं लागतं. वडीलधाऱ्यांना घेऊन गेलात तर हे विभाग टाळाच. उजवीकडच्या उघड्या बाकांवर संध्याकाळच्या सामन्यात मावळेपर्यंत ऊन थेट डोळ्यांत येतं. त्याच हिरव्या बाकांत एक लाल खुर्ची आहे: विभाग ४२, रांग ३७, आसन २१. ९ जून १९४६ ला रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सचा ५०२ फुटांचा फटका तिथे येऊन पडला. पहिल्या बेसच्या बाजूनं तो लाल ठिपका दिसतो. जवळून पाहायचा तर साधारण तासाभराची मार्गदर्शित फेरी घ्या.

डावीकडचा पिवळा फाउल पोल रेड सॉक्सच्या कार्लटन फिस्कच्या नावाचा. १९७५ च्या वर्ल्ड सिरीजच्या (मोसमाच्या विजेतेपदाच्या अंतिम मालिकेच्या) सहाव्या सामन्यात, बरोबरीमुळे लांबलेल्या बाराव्या डावात, मध्यरात्र उलटल्यावर, आपला चेंडू हद्दीबाहेर (फाउल) जाऊ नये म्हणून हात हलवत हलवत तो पहिल्या बेसकडे गेला, आणि चेंडू याच खांबाला लागला. उजवीकडचा ३०२ फुटांवरचा खांब जॉनी पेस्कीच्या नावाचा. आठव्या डावाच्या मध्यावर सगळं मैदान उभं राहून एकच गाणं गातं. शब्द येत नसले तरी बसून राहू नका.

शाकाहारी मंडळींनी सॉसेजचं आधीच विचारून घ्यावं, त्यात गोमांस किंवा डुकराचं मांस असतं. भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा मात्र पोटभर. टरफलं पायाशीच टाकायची, तोच इथला रिवाज आहे. एप्रिल-मेच्या रात्री थंडी हाडात शिरते, जाकीट आणि कानटोपी हवीच.

बॉस्टन ते शिकागो बहुतेक जण विमानानंच जातात. वेळ असेल तर साउथ स्टेशनवरून लेक शोर लिमिटेड ही रेल्वे आहे, जवळजवळ एक दिवस घेते.

रिग्लीचं स्टेशन अ‍ॅडिसन, रेड लाइनवर. उतरताच छपरांच्या वर हिरवा धावफलक दिसतो. इथे शक्यतो दुपारचा सामना गाठा. ऑगस्ट १९८८ पर्यंत या मैदानावर दिवेच नव्हते. पहिला रात्रीचा सामना ८ ऑगस्टला पावसानं धुतला, अधिकृत पहिला दुसऱ्या दिवशी झाला. अजूनही शुक्रवारचे बरेच सामने दुपारी १:२० ला असतात. रिग्ली खरं उलगडतं ते उन्हातच.

बसल्यावर आधी मध्यभागच्या धावफलकावरचे झेंडे बघा. झेंडे मैदानाच्या आत फडफडत असतील तर वारा मिशिगन सरोवरावरून येतोय. उंच फटके मेलेच समजा, सामना कमी धावांचा. बाहेर फडकत असतील तर उलटं. १७ मे १९७९ ला वारा बाहेर वाहत होता आणि फिलाडेल्फियानं कब्जना २३-२२ असं हरवलं. तेच झेंडे क्रमवारीही सांगतात. प्रत्येक गटातल्या संघांचे झेंडे वरून खाली त्यांच्या स्थानाप्रमाणे लावलेले असतात.

हा धावफलक १९३७ चा, म्हणजे मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमच्याच वयाचा, आणि आजही माणसंच चालवतात. दुसऱ्या एखाद्या गावच्या सामन्यात धाव झाली की चौकोनातली लोखंडी पाटी आत ओढली जाते, क्षणभर काळं भोक दिसतं, कधी त्यात हात किंवा चेहरा, आणि नवा आकडा बसतो. मोठ्या इलेक्ट्रॉनिक पडद्यांवर सगळं आधीच आलेलं असतं, तरी लोक या भोकाकडे बघत राहतात. सामना संपला की वर झेंडा चढतो. पांढऱ्यावर निळा डब्ल्यू म्हणजे जिंकले, निळ्यावर पांढरा एल म्हणजे हरले. शेजारून जाणाऱ्या गाडीतल्या लोकांना निकाल कळावा म्हणून ही प्रथा पडली. झेंडा चढेपर्यंत जागेवरून उठू नका.

विटांच्या भिंतीवरची वेलही १९३७ चीच, क्लबमधल्या बिल व्हेकनं लावलेली. एप्रिलमध्ये ती नुसत्या तपकिरी काड्या असते. हिरवीगार हवी असेल तर मेअखेरनंतर जा. चेंडू वेलीत अडकला तर क्षेत्ररक्षक दोन्ही हात वर करतो आणि फलंदाजाला दोन बेस मिळतात. त्यानं हात घालून शोधायला सुरुवात केली तर चेंडू जिवंत धरला जातो.

इथेही खांब आहेत. त्यांच्यावर राग धरू नका. खांबांच्या आधारावर उभा असल्यामुळेच वरचा मजला मैदानाच्या इतका जवळ आहे. नव्या स्टेडियममध्ये खांब काढले आणि वरचा मजला त्यासाठी मागे ढकलला गेला. म्हणून रिग्लीत वरच्या मजल्यावरच्या, ३०० क्रमांकाच्या विभागांतल्या पहिल्या रांगा घ्या. माझ्या मते पैशाच्या मानानं याहून चांगली जागा नाही. खालच्या, २०० क्रमांकाच्या विभागांतल्या मागच्या रांगांत खांब तर आडवे येतातच, शिवाय वरच्या मजल्याचं पोट उंच गेलेला चेंडू झाकतं. ऊन सोसत नसेल तर तिसऱ्या बेसची बाजू, तिथे सावली लवकर येते. आउटफील्डच्या उघड्या बाकांवर जागा ठरलेली नसते, आधी येईल तो बसेल, त्यामुळे दारं उघडताना हजर राहा. तिथे पाहुण्या संघाचा होम रनचा चेंडू हाती आला तर तो मैदानात परत फेकायचा असतो, नाहीतर आजूबाजूचे ओरडून हैराण करतील.

सुटल्यावर अ‍ॅडिसनच्या जिन्यावर मुंगी शिरायला जागा नसते. दक्षिणेला पंधरा मिनिटं चाला, बेलमाँटला रेड आणि ब्राउन दोन्ही गाड्या मिळतात.

व्यंकटेश्वर मंदिरासाठी पिट्सबर्गला जाणारी मराठी माणसं बरीच. त्यांनी ओकलंड भागासाठी अर्धा दिवस काढावा. त्याच पिढीतलं फोर्ब्ज फील्ड हे बेसबॉलचं मैदान इथे १९०९ पासून १९७० पर्यंत होतं, मग पाडलं गेलं. विद्यापीठाच्या पोस्वार हॉलमध्ये त्याची होम प्लेट जमिनीत काचेखाली ठेवली आहे (सुट्टीचा दिवस टाळा), आणि बाहेर आउटफील्डच्या भिंतीचा तुकडा वेलींसकट उभा आहे. जवळच्याच कॅथेड्रल ऑफ लर्निंगमध्ये नालंदाच्या धर्तीवर केलेली भारतीय खोली आहे, तीही बघून होते. ऑक्टोबरमध्ये असाल तर १३ तारीख सोडू नका. १९६० साली त्या दिवशी वर्ल्ड सिरीजमध्ये पिट्सबर्गच्या बिल मॅझरॉस्कीनं नवव्या डावात याच मैदानाच्या डावीकडच्या भिंतीवरून चेंडू घालवून न्यूयॉर्क यांकीजना १०-९ हरवलं. दर वर्षी लोक दुपारी घडीच्या खुर्च्या घेऊन भिंतीपाशी जमतात आणि त्या सामन्याचं रेडिओवरचं जुनं समालोचन सुरुवातीपासून लावतात. एकच्या आत पोहोचा. खुर्ची स्वतःची न्यावी लागते, तिथे काही मिळत नाही. चेंडू भिंतीपार जातो तो ३ वाजून ३६ मिनिटांनी.