त्या बेटावर कुणी जाऊ नये

नाशिक जिल्ह्यात नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्याच्या फुगवट्यात एक बेट आहे. गाळाचा लांबट उंचवटा, त्यावर बाभळींची दाटी, कडेनं पाणकणीस. घर नाही, देऊळ नाही, राखणदाराची झोपडीसुद्धा नाही. आम्ही ते काठावरून, दुर्बिणीतून पाहिलं. मनापासून सांगते, त्याहून जवळ जायची मला इच्छाही झाली नाही.

नाशिकचं बाकीचं भराभर सांगून टाकते. मुक्काम मावशीकडे पंचवटीत होता. पांडवलेणी पाहिली, सरकारवाडा पाहिला, मिसळ दोन ठिकाणी खाल्ली आणि पहिलीच जास्त आवडली. त्र्यंबकची रांग पाहून मावशीच म्हणाली, "देव इथूनही ऐकतो, चल घरी." काळाराम मंदिराच्या दारात मात्र बराच वेळ थांबले. १९३० साली बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली माणसं याच दारापाशी आत जाण्याचा हक्क मागत उभी होती, हे वाचलेलं असलं तरी तो काळा दगड समोर असताना ते वेगळंच अंगावर येतं.

संध्याकाळी गंगेवर. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. रामकुंडावर पायऱ्या, काँक्रीट, दिवे, अस्थींची मडकी, प्लास्टिक, पोहणारी पोरं. नदीची वीतभर जागासुद्धा माणसानं मोकळी ठेवलेली नाही. जवळच नारोशंकराची घंटा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या विजयाची ही खूण. पूर आला की पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर पाणी चढलं यावर शहर अंदाज बांधतं. मावसभावानं २०१९च्या ऑगस्टमधला पूर सांगितला. मारुती दिसेनासा झाला होता आणि खाली सायखेडा, चांदोरीत घराघरांत पाणी शिरलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच वाटेनं निघालो. जानेवारीतला निफाड! कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात बातमीत का येतो, ते गाडीची काच खाली केल्यावर कळलं. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, मधे ऊस, कांदा. धुक्यात काही बागांत शेकोट्या पेटलेल्या दिसल्या. थंडीनं द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी रात्र जागून काढतात.

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ हा इंग्रजी अमदानीतला बंधारा आहे, शंभर वर्षांहून जुना. त्यातून निघालेल्या कालव्यांनी खालचा मुलूख ओलिताखाली आला. पाणी थबकलं की गाळ खाली बसतो. इतकी वर्षं तो बसत गेला, त्याची उथळ दलदल झाली, बेटं झाली, आणि पक्षी आले. १९८६ मध्ये हे अभयारण्य झालं. २०१९ साली जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं, महाराष्ट्रातलं पहिलं.

चापडगावच्या बाजूला गावातलाच एक तरुण वाटाड्या मिळाला. खांद्यावर तिवई, तिच्यावर लांब नळीची दुर्बीण. "ताई, आधी खाली बसा. उभं माणूस दिसलं की ती सरकायला लागतात." बसलो. त्यानं दुर्बीण बेटाच्या कडेला लावली आणि मला डोळा लावायला सांगितलं.

जांभळी पाणकोंबडी. चोच लाल, कपाळही लाल, अंगावर निळ्या-जांभळ्याच्या इतक्या छटा की नेमका रंग सांगता येईना. तिनं पाणकणसाचा कोंब उपटला, एका पायाच्या लांब बोटांत मुठीसारखा धरला, चोचीशी नेला आणि सोलून आतला पांढरा गाभा खाल्ला. मग दुसरा. तिच्या मागे शेकाटे, थापट्या, चक्रवाकांच्या जोड्या, आणि बाभळींवर बगळेच बगळे.

मधेच बेटावरून मार्श हॅरिअर हा शिकारी पक्षी खालून तरंगत आला आणि सगळं पाणी एकदम उठलं. हजारभर पंख, तो आवाज छातीत जाणवतो. हॅरिअर पुढे गेला, थव्यानं एक वळसा घेतला आणि जो तो आपापल्या जागी येऊन बसला.

थोड्या वेळानं मागून एक मोठा घोळका आला. त्यांतल्या एकानं टाळ्या वाजवल्या, दुसऱ्यानं शिट्टी मारली, तिसरा मोबाइल धरून तयार. "उडाले तर व्हिडिओ येईल ना!" थवा उडाला. टाळ्या थांबेनात, म्हणून थवा बसेना. दोनदा खाली येऊन पुन्हा वर गेला आणि शेवटी लांब, धुक्यात दिसेनासा झाला. पाणकोंबडी केव्हाच पाणकणसात शिरली होती.

मला इतका राग फार कमी वेळा आला असेल. चक्रवाक लडाख-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतो. इथे चार महिने खाऊन अंगावर चरबी धरायची, तिच्याच जोरावर परत जायचं. प्रत्येक उगाचच्या उड्डाणात ती थोडी जळते. वाटाड्या हळू आवाजात म्हणत होता, "दादा, नका ना वाजवू." त्याचं कुणी ऐकेना. मावसभाऊ उठला आणि त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला, तेव्हा कुठे ते गप्प झाले. जाताजाता एकानं विचारलंच, "त्या बेटावर जायला बोट नाही का?"

नाही, आणि कधीच असू नये. रामकुंडावर माणसाचा हक्क शेकडो वर्षांचा आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. २०२७च्या सिंहस्थात तिथे मुंगीला शिरायला जागा उरणार नाही, तेही समजू शकते. पण वरून वाहत आलेल्या मातीतून नदीनं स्वतःच घडवलेला एवढासा तुकडा तरी आपल्या पायांखालून सुटू दे. वरच्या गावांचं सांडपाणी पिऊन माजणारी पानवेल, म्हणजे जलपर्णी, तिथे पोचतेच आहे. तेवढा त्रास पुरे नाही का?

जायचं असेल तर शनिवार-रविवार टाळा, उजाडायच्या आत पोचा, मळकट रंगाचे कपडे घाला. वाटाड्याच्या पैशांत घासाघीस करू नका. त्याच्याशिवाय तुम्हाला पाणी आणि गवतच दिसेल. आणि कुणी टाळी वाजवलीच, तर वाटाड्याला एकट्याला बोलायला लावू नका. त्याला उद्या याच लोकांकडून चार पैसे मिळवायचे असतात, म्हणून त्याचा आवाज दबतो. तुम्ही बोला.