वस्तीची गाडी नियमित होईपर्यंतचा माझा अनुभव

कोकणातील आमच्या वाडीत संध्याकाळी येऊन मुक्काम करणारी आणि सकाळी सव्वासहाला तालुक्याकडे निघणारी एसटीची एकच वस्तीची गाडी आहे. त्यामुळे आदल्या संध्याकाळी ती आली नाही की सकाळची फेरीही आपोआप बुडते. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात हे इतक्या वेळा होऊ लागले की कॉलेजची मुले, बाजारात भाजी विकायला जाणाऱ्या बायका आणि गुडघ्याच्या उपचारांसाठी जाणारी माझी आई, सगळेच सात वाजेपर्यंत फाट्यावर भिजत उभे राहत आणि शेवटी खासगी वडापला तिप्पट पैसे मोजत.

पहिला अर्ज आम्ही सह्यांसह आगारात दिला. भारमान (गाडीतील जागांच्या मानाने प्रवाशांचे प्रमाण) कमी असल्याने फेरी नियमित चालवणे परवडत नाही, असे दोन ओळींचे उत्तर आले. ते मला पटले नाही, पण खोडून काढायला हातात काहीच नव्हते. म्हणून मी एक वही घातली. गाडी आली की नाही, किती उशिरा आली, किती माणसे चढली आणि किती वाट पाहून परतली, हे फाट्यावरच्या दुकानदारांच्या मदतीने रोज लिहू लागले.

त्यानंतर माहिती अधिकाराचा अर्ज केला आणि तिथे माझी चूक झाली. ‘गाडी नियमित का येत नाही?’ असा प्रश्न मी विचारला होता; या कायद्यात कार्यालयाकडे असलेली नोंद मागता येते, खुलासा मागता येत नाही, म्हणून तो निकाली निघाला. दुसऱ्या अर्जात जून ते सप्टेंबर या काळातील रद्द फेऱ्यांची तारीखवार यादी, प्रत्येकीसमोर लिहिलेले कारण आणि या मार्गाचे रोजचे उत्पन्न, एवढेच मागितले. महाराष्ट्रात अर्जाला एकच विषय आणि 150 शब्द अशी मर्यादा आहे, शुल्क 10 रुपये आहे. मर्यादेचा मला फायदाच झाला, कारण मागणी नेमकी झाली. 30 दिवसांत उत्तर आले नाही, तेव्हा कलम 19(1) प्रमाणे प्रथम अपील केले आणि सुनावणीत मला मूळ नोंदी पाहण्याची परवानगी मिळाली.

त्या नोंदी आणि माझी वही शेजारी ठेवल्यावर चित्र उलटे दिसले. सलग दोन-तीन फेऱ्या बुडाल्या की पुढचा आठवडाभर उत्पन्न पडलेले असे आणि गाडी नीट येऊ लागली की ते हळूहळू चढत असे. माणसे कमी म्हणून गाडी रद्द होत नव्हती. गाडीचा भरवसा नाही म्हणून माणसे कमी होत होती. रद्द होण्याची कारणे बहुतेक ‘वाहन नादुरुस्त’ आणि ‘वाहन अन्य मार्गावर’ अशी होती. गणपतीनंतर तर चाकरमान्यांच्या परतीच्या जादा गाड्यांसाठी आमची गाडी वारंवार काढून घेतलेली दिसली. आगाराकडे गाड्या अपुऱ्या आहेत, हे मलाही मान्य करावे लागले, पण तुटवड्याचा सगळा भार एकाच वाडीने का सोसावा, हा प्रश्न उरलाच.

हाच मुद्दा ग्रामसभेच्या ठरावात आला. नवी गाडी आम्ही मागितली नाही. गाडी कमी पडल्यास दरवेळी हीच फेरी न काढता आळीपाळीने वेगवेगळ्या मार्गांवरची काढावी आणि रद्द होणार असल्यास संध्याकाळीच वाहतूक नियंत्रकांनी सरपंचांना फोन करावा, एवढेच मागितले. आगाराबरोबरच्या बैठकीत दोन्ही गोष्टी मान्य झाल्या. माझ्या मते फोनचा उपयोग अधिक झाला, कारण गाडी येणार नाही हे रात्रीच कळले तर माणूस दुसरी सोय करू शकतो.

ठरावात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 41 चा (वाहतुकीच्या सोयी दिव्यांगांना वापरता याव्यात, याविषयीचे कलम) उल्लेख करून थांब्याचा विषयही घातला होता. 75 वर्षांवरील ज्येष्ठांना 2022 पासून एसटीचा प्रवास मोफत आहे, पण ज्यांना पहिली पायरीच चढता येत नाही त्यांना त्या सवलतीचा काय उपयोग? आमचा थांबा उतारावर होता आणि तिथे पायरी जमिनीपासून जवळजवळ दीड फूट उंच पडत असे. ग्रामपंचायतीने थांबा वीस पावले पुढे सपाटीवर नेला आणि नऊ इंच उंचीचा चिऱ्याचा ओटा बांधला. सुरुवातीला गाडी कधी अलीकडे, कधी पलीकडे थांबे आणि ओटा वाया जाई. मग एका चालकांनीच सुचवल्यावरून रस्त्यावर पांढरा पट्टा मारला. पट्ट्यावर गाडी उभी राहिली की दार बरोबर ओट्यासमोर येते आणि आई आता कठडा धरून, कोणी उचलून न घेता चढते.

रविवारची फेरी मात्र अजून सुटीच्या नावाखाली अधूनमधून बुडते. बाजार रविवारीच भरतो, त्यामुळे त्या दिवसाच्या नोंदी मी वहीत वेगळ्या पानावर लिहिते आहे आणि पुढचा अर्ज त्यावरूनच करणार आहे.