तुम्ही विचारलंत म्हणून: एमएस (मल्टिपल स्क्लेरॉसिस) असताना दारू घेता का?

"तुम्हाला एमएस आहे ना? मग हे चालतं?" माझ्या हातातल्या ग्लासाकडे बघत लोक विचारतात. काहींच्या आवाजात काळजी असते, काहींच्या नुसती चौकशी. नुकतंच निदान झालेली मंडळी हाच प्रश्न खासगीत विचारतात, जरा चाचरत: "म्हणजे आता कायमचं बंद का?" मी बहुतेक वेळा दोन वाक्यांत उरकून विषय बदलते, कारण पूर्ण उत्तर उभ्याउभ्या देण्यासारखं नाही. ते इथे देते.

तर, हो, घेते. कमी घेते आणि दर वेळी घेत नाही. एमएस आहे म्हणून थेंबही नको, असा सरसकट नियम नाही. माझ्या न्यूरॉलॉजिस्टनेही कधी तसं सांगितलं नाही. पण "थोडी चालते" एवढंच ऐकून निघू नका. थोडी म्हणजे किती, हे आजाराच्या नावावरून ठरत नाही. त्या दिवशी पाय कसे आहेत आणि पोटात कोणत्या गोळ्या गेल्यात, यावरून ठरतं.

ज्यांना आजार माहीत नाही त्यांच्यासाठी: मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवरच्या आवरणावर, म्हणजे मायलिनवर, हल्ला करते. आवरण गेलं की संदेश रेंगाळतात, काही पोचतच नाहीत. १८६८ साली पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात जाँ-मार्तँ शार्को यांनी या आजाराचं नीट वर्णन केलं. त्यांनी सांगितलेली तीन लक्षणं पुढे त्यांच्याच नावाने ओळखली गेली: डोळ्यांची बुबुळं थरथरणं, एखादी वस्तू घ्यायला जाताना हात कापणं, आणि तुटक, अडखळतं बोलणं. आता आजाराचं नाव झाकून ही तीन लक्षणं पुन्हा वाचा. कोण डोळ्यांसमोर येतं?

हे साम्य वरवरचं नाही. दारू मेंदूतला गाबा या रसायनाचा लगाम आणखी आवळते आणि ग्लुटामेट या रसायनाची उत्तेजना कमी करते. तोल, डोळ्यांची हालचाल आणि बोलण्यातली सफाई सांभाळणारा लहान मेंदू या गडबडीत लवकर सापडतो. एमएसचे डागही, म्हणजे मायलिन गेलेल्या जागा, अनेकांच्या लहान मेंदूत आणि तिथे जाणाऱ्या-येणाऱ्या वाटांवर असतात. म्हणजे दारू ज्या दारातून आत येते, त्या दारात आमचा आजार आधीच खुर्ची टाकून बसलेला असतो.

डॉक्टर तपासताना मला फरशीच्या रेघेवरून टाचेला पाऊल लावत चालायला सांगतात. मग पाय जुळवून, डोळे मिटून उभं राहायचं. मग त्यांच्या बोटामागे नुसती नजर फिरवायची, मान न हलवता. काही देशांत रस्त्यावर चालकाने दारू प्यायली आहे का, हे बघायला पोलीस जवळपास हेच करायला लावतात: रेघेवर चालून वळणं, एका पायावर उभं राहणं, नजरेने पेनाचा माग काढणं. मी नुसतं पाणी पिऊनही ती परीक्षा नापास होईन. तिसऱ्या पावलाला माझा उजवा पाय बाहेर फेकला जातो आणि हात आपोआप भिंत शोधतो. त्यामुळे लोकांनी "सकाळी सकाळीच?" अशा नजरेने बघणं मला नवीन नाही. आमच्यातली काही मंडळी पाकिटात आजाराची माहिती लिहिलेलं कार्ड ठेवतात. मीही ठेवते, आणि ते दाखवायला लागलं की चिडते.

तेव्हा पहिल्या ग्लासाचा माझा हिशेब तुमच्याहून वेगळा आहे. तुमचा तोल जायला दोन-तीन ग्लास लागत असतील. माझा आधीच थोडा गेलेला असतो. बरं वाटत असलेल्या दिवशी मी तो लक्ष देऊन, पावलागणिक सांभाळत असते. दारू सगळ्यात आधी तेच लक्ष काढून घेते. डोक्याला काहीच चढलेलं नसतं, गप्पा झकास चाललेल्या असतात, आणि उठायला जावं तर गुडघे भलतीकडेच. एकदा हे कळलं की ग्लास मोजणं निरर्थक होतं. मी उठून बघते. अर्धा ग्लास झाला की एखादी फेरी मारते, काहीतरी आणायला गेल्यासारखी. फेरी नीट झाली नाही तर उरलेलं तसंच राहतं.

मोजणाऱ्यांसाठी मोजमापही सांगते, कारण "एकच घेतली" या वाक्यात फार काही मावतं. ४० टक्क्यांच्या व्हिस्कीचा ३० मिलिलिटरचा पेग म्हणजे साधारण साडेनऊ ग्रॅम अल्कोहोल. ५ टक्क्यांची ३३० मिलिलिटर बिअर म्हणजे १३ ग्रॅम. १२ टक्के वाइनचा १५० मिलिलिटरचा ग्लास म्हणजे १४ ग्रॅम. "मी फक्त बिअर घेते" किंवा "वाइन काय, सरबतच" म्हणणाऱ्यांनी हे आकडे शेजारी-शेजारी ठेवून बघावेत. ब्रिटनच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचनांत धडधाकट माणसासाठीही आठवड्याला १४ युनिटच्या वर जाऊ नये असं म्हटलंय, आणि त्यांचं एक युनिट ८ ग्रॅमचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तर जानेवारी २०२३मध्ये सांगून टाकलं की आरोग्याला धोका नाही असं दारूचं कुठलंच प्रमाण नाही. हे एमएसबद्दल नाही, सगळ्यांबद्दल आहे. आम्हाला त्यातून सूट मिळालेली नाही, एवढंच.

लघवीबद्दल कोणी विचारत नाही, पण मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. शरीरात पाणी राखून ठेवायला सांगणारं व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक दारूने दबतं, म्हणून प्यायल्यावर सगळ्यांनाच वारंवार जावं लागतं. एमएसमध्ये मूत्राशयाचे निरोप आधीच विस्कळीत असतात. लागली म्हणजे लगेच, पाच मिनिटांनी नाही. त्यात पाय ताठर, तोल सैल आणि मधे कोणाच्या तरी चपला. कुठेही गेले की आधी बाथरूम आणि खुर्ची यांतलं अंतर बघते, मग कोण कोण आलंय ते. रात्री घरीसुद्धा हीच कथा: दोनदा जास्त उठायचं, तेही झोपेत, आणि पडण्याची भीती. स्टिरॉइड वारंवार घ्यावी लागलेल्यांची हाडं ठिसूळ झालेली असू शकतात, त्यामुळे आमचं पडणं नुसतं खरचटण्यावर भागेलच असं नाही.

"पण झोप छान लागते की!" लागते खरी. पण उत्तररात्री मोडते, स्वप्नांची झोप कमी होते, आणि सकाळी जो थकवा येतो तो आमच्या नेहमीच्या थकव्यावर येऊन बसतो. ज्यांना एमएसचा थकवा माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको.

उष्णतेचा आळ मात्र मी दारूवरून थोडा उतरवते. अंग तापलं की एमएसची लक्षणं तात्पुरती वाढतात. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म ऊटहोफ यांनी १८९०मध्ये श्रमाने दृष्टी अशी तात्पुरती अंधुक होते हे नोंदवलं; उष्णतेशी संबंध नंतर कळला. दारूने गरम वाटतं म्हणून लोक तिला दोष देतात. पण तेव्हा त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात, शरीराचं आतलं तापमान उलट किंचित उतरतं. बंद खोली, वीस माणसं आणि नाच यांनी मी जेवढी कोलमडते, तेवढी वाइनने नाही.

आता गोळ्या. खरं तर विचारायला हवं ते हेच, आणि याचं उत्तर माझ्याकडे नाही, तुमच्या औषधांच्या यादीत आहे. स्नायूंचा ताठरपणा कमी करायला बॅक्लोफेन किंवा टिझानिडिन, चेतापेशींच्या वेदनांना गॅबापेंटिन किंवा प्रेगाबालिन, कधी अ‍ॅमिट्रिप्टिलिन, कधी क्लोनाझेपाम: यातलं प्रत्येक औषध गुंगी आणतं आणि दारू त्या गुंगीत भर घालते. दोन-तीन औषधं एकत्र असतील तर श्वास मंदावण्यापर्यंत मजल जाऊ शकते. रात्री बॅक्लोफेन घेणाऱ्याचा एक पेग हा नुसता एक पेग नसतो.

यावर काही जण शक्कल लढवतात: "आज प्यायची आहे ना, मग गोळी गाळते." हे अजिबात करू नका. बॅक्लोफेन अचानक थांबवलं तर ताठरपणा उसळून येतो, आणि डोस मोठा असेल तर भास होणं, झटके येणं इथपर्यंत जाऊ शकतं. गाळायचाच असेल तर ग्लास गाळा.

दुसरी गोष्ट यकृताची. इंटरफेरॉन बीटा, टेरिफ्लुनोमाइड, फिंगोलिमोड या एमएस आटोक्यात ठेवणाऱ्या औषधांवर असताना यकृताच्या तपासण्या उगाच सांगत नाहीत. टेरिफ्लुनोमाइडमध्ये तर यकृताला इजा होण्याचा इशारा ठळक दिलेला असतो. दारूही त्याच यकृतातून जायची. रक्ततपासणीत एन्झाइम वाढलेले दिसले की डॉक्टर आधी औषधावर संशय घेतात, आणि चांगलं लागू पडलेलं औषध बदलण्याची वेळ येते. म्हणून किती घेता हे डॉक्टरांना खरं सांगा. "कधीतरी" हे उत्तर डॉक्टरांच्या काही कामाचं नाही, त्यांना आठवड्याचा आकडा लागतो.

मी डायमिथाइल फ्युमरेट हे एमएसचंच औषध घेते, सकाळ-संध्याकाळ एकेक कॅप्सूल, जेवणासोबत. त्याच्या युरोपातल्या माहितीपत्रकात एक बारकावा आहे. ३० टक्क्यांहून तीव्र दारू पाणी न घालता, भरपूर, औषधाच्या तासाभराच्या आत घेऊ नये. कॅप्सूलमधल्या गोळ्यांवर जठरात विरघळू नये म्हणून आवरण असतं, ते दारूने लवकर सुटतं आणि पोटाचा त्रास वाढतो. त्या औषधाने तसंही चेहरा लाल होतो. कॅप्सूल घेऊन अर्ध्या तासाने मी आरशात बघितलं की कोणीही म्हणेल, बाई टुन्न आहेत. तेव्हा माझ्या ग्लासात लिंबूपाणी असतं.

रिलॅप्सवर, म्हणजे आजार पुन्हा उसळल्यावर, शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड चालू असेल, साधारण रोज एक ग्रॅम, तीन ते पाच दिवस, तेव्हा मी दारूला हात लावत नाही. पोट खवळलेलं, झोप उडालेली, मनःस्थिती सैरभैर. त्यात आणखी काय घालायचं?

"पिण्याने एमएस वाढतो का?" माफक दारूने रिलॅप्स येतो असं ठामपणे दाखवणारा पुरावा नाही. जुनी लक्षणं काही तास वर येतात आणि दारू उतरली की खाली बसतात, हे मात्र नेहमीचं. त्यातला धोका वेगळाच आहे. नवा बधिरपणा, एका डोळ्याला अंधुक दिसणं किंवा पाय न उचलणं २४ तासांवर टिकलं तर "कालची असेल" म्हणत बसू नका. डॉक्टरांना फोन करा.

याच्या उलट टोकाचीही मंडळी भेटतात. "वाइन तर एमएसला चांगली म्हणे!" २०१४मध्ये स्वीडनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात दारू पिणाऱ्यांमध्ये एमएस कमी आढळला. पण तो आजार होण्याबद्दल होता. झालेल्यांनी प्यावी असं त्यातून निघत नाही. शिवाय निदानाच्या बऱ्याच आधीपासून काहींना बरं वाटत नसतं आणि ते आपसूक कमी पितात, मग आकडे उलटे दिसू शकतात. दुसऱ्या बाजूला, बेसुमार दारू स्वतःच मायलिन नासवू शकते. मार्चियाफावा आणि बिन्यामी या इटालियन डॉक्टरांनी १९०३मध्ये दारूच्या आहारी गेलेल्यांच्या मेंदूत दोन गोलार्धांना जोडणाऱ्या पट्ट्यातलं मायलिन नष्ट झालेलं दाखवलं होतं. तो आजार फार विरळा आहे. जास्त वर्षं जास्त पिणाऱ्यांत हातापायांच्या नसा आणि लहान मेंदू खराब होणं मात्र विरळा नाही, आणि आमच्याकडे त्या बाबतीत उधळायला फारसं काही नाही.

एक गोष्ट मी हसत सांगू शकत नाही. एमएस असलेल्यांपैकी फार मोठ्या संख्येला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य गाठतं, आणि ते नुसतं आजाराच्या दुःखामुळे नसतं; मेंदूतल्या बदलांचाही त्यात हात असतो. संध्याकाळ झाली की विचार थांबवायला, वेदना विसरायला किंवा झोप यायला ग्लास लागत असेल, तर "एमएसला चालते का" हा तुमचा प्रश्नच नाही. नैराश्यावर उपचार आहेत, वेदनेवरही आहेत, आणि दारू त्यांची जागा घेत नाही. रोज बरीच पिणाऱ्याने एका दिवसात तोडूही नये, झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करावी.

ज्या मुलाने मला परवा "कायमचं बंद का" विचारलं, त्याला मी एवढंच म्हटलं: आधी औषधांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा. मग चांगल्या दिवशी, घरच्या माणसाबरोबर, जेवल्यावर, अर्धा ग्लास घेऊन बघ. गाडीची किल्ली आधीच दुसऱ्याकडे दे. आणि आजवर घेत नसशील तर आता सुरू करायचं काही कारण नाही. तो म्हणाला, "ताई, मला नको म्हणायचं असतं, पण कारण सांगावं लागतं." सांगू नकोस, मी म्हटलं. "औषध चालू आहे" पुरे. तेही जड वाटलं तर सोडा भरलेला ग्लास हातात धर, कोणी हुंगायला येत नाही.

यजमान असाल तर तुमच्यासाठीही आहे. चारचौघांत "तुला चालते का गं?" विचारू नका, दोन्ही प्रकारची पेयं समोर ठेवा आणि मला माझं घेऊ द्या. पाठ टेकता येईल अशी खुर्ची द्या, बार स्टूल नको. बाथरूमकडे जायची वाट मोकळी ठेवा. आणि मी जाताना अडखळले तर "हिला आता पुरे झाली" असं हळूच म्हणण्याआधी माझ्या ग्लासात काय आहे ते एकदा बघा.